गोळी सुरू आहे, तरी अंगात त्राण नाही

2024 सालच्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत माणसांचे केस झपाट्याने गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडलेली माणसं पाहून जिल्हा हादरला. आरोग्य विभागाची पथकं आली, पाण्याचे आणि रक्ताचे नमुने गेले, आयसीएमआरचे शास्त्रज्ञ आले. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तक्रार ऐकली गेली आणि तिचं कारण पाण्यात, धान्यात, रक्तात शोधलं गेलं. हे योग्यच झालं.

पण ज्या गावांत हे घडलं तिथे आणि आसपास पंचेचाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी बायका वर्षानुवर्षं म्हणत आल्या आहेत, की सकाळी उठतानाच अंग दुखतं, हातापायांत त्राण नाही, दुपारपर्यंत जीव अर्धा होतो. त्यांच्या वाट्याला एकच उत्तर येतं: ‘आता वय झालं, पाळी जायची वेळ आली, असं होणारच.’ थकव्याची तपासणी करायची असते, हेच आपल्याकडे कोणाला सुचत नाही.

इथे मला बोलायचं आहे ते त्यांच्यातल्याही एका छोट्या गटाविषयी. रजोनिवृत्तीच्या काळात हॉर्मोन थेरपी, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत एचआरटी, घेणाऱ्या बायका आपल्याकडे मुळात थोड्या. कोणी शिक्षिका, कोणी बँकेत नोकरीला, कोणाची गर्भपिशवी काढताना अंडाशयंही काढलेली. गोळी किंवा जेल सुरू झाल्यावर अंगातून निघणाऱ्या वाफा कमी होतात, रात्रीचा घाम थांबतो आणि बाई खूश होते. मग दोन-तीन महिन्यांनी तिच्या लक्षात येतं, की थकवा आहे तिथेच आहे. काहींना तर तो वाढल्यासारखा वाटतो. ‘मला गोळी मानवत नाही’ म्हणून ती औषध बंद करते, किंवा ‘वय झालं’ म्हणून गप्प बसते. माझं म्हणणं असं, की या दोन्हींपैकी एकही उत्तर तपासल्याशिवाय स्वीकारू नये. हॉर्मोन थेरपी थकव्याचा एक तुकडा दुरुस्त करते. उरलेल्या थकव्याला त्याची त्याची कारणं असतात आणि त्यांतली बरीचशी शोधता येतात.

आधी तो एक तुकडा कोणता ते पाहू. भारतीय बायकांची पाळी साधारण 46-47 व्या वर्षी थांबते. पाश्चात्त्य देशांत हे वय 51 च्या आसपास आहे. पाळी थांबण्याच्या आधीची काही वर्षं अंडाशयातून येणारं इस्ट्रोजेन कमी-जास्त होत राहतं आणि शेवटी अगदी खाली येतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. शरीराचं तापमान तोच सांभाळतो. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथल्या काही चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि तापमानातला अगदी किरकोळ चढही त्यांना सहन होत नाही. लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, छाती-मानेवर गरम लाट येते, घाम फुटतो. रात्री हे दोन-चार वेळा झालं, की झोपेचे तुकडे पडतात. बाई सात तास अंथरुणात असते, पण सलग झोप तिला मिळतच नाही.

आपल्या जिल्ह्यात त्यात हवामानाची भर पडते. घाटावर, बुलढाण्याला, रात्री थोडा तरी गारवा असतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद भागात एप्रिल-मे महिन्यांत पहाटेपर्यंत भिंती तापलेल्या असतात. ही वाफ आतली की बाहेरची, हे बाईला कळत नाही. वीज गेली की संपलंच.

या झोपमोडीवर हॉर्मोन थेरपी खरोखर काम करते. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की नुसत्या बनावट गोळीच्या तुलनेत हॉर्मोनमुळे वाफांचं प्रमाण सुमारे 75 टक्क्यांनी घटतं. फरक काही आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणाम दिसायला साधारण तीन महिने लागतात. म्हणून पहिल्याच महिन्यात निराश होण्यात अर्थ नाही. तीन महिन्यांनी मात्र डॉक्टरकडे परत जायलाच हवं, कारण मात्रा आणि प्रकार तेव्हा ठरवून बदलता येतो. वाफा अजून येत असतील तर मात्रा कमी पडत असेल. वाफा पूर्ण थांबल्या आणि थकवा तेवढाच राहिला, तर कारण दुसरीकडे शोधायचं.

पहिला शोध गोळ्यांच्या डब्यातच घ्यावा. ज्या बाईची पिशवी जागेवर आहे तिला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं दुसरं औषध देतात. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल पोटात गेली, की त्यातून तयार होणारा एक पदार्थ मेंदूतल्या झोप आणणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची असते. रात्री घेतली तर तीच झोपेला मदत करते. पण आपल्याकडे सगळ्या गोळ्या सकाळी चहाबरोबर एकदम घ्यायची सवय असते. बीपीची, साखरेची, त्यातच ही. मग अकरा वाजेपर्यंत डोळे मिटायला लागतात. वेळ बदलली तर हा थकवा जातो. रात्री घेऊनही सकाळी डोकं जड राहत असेल, तर डॉक्टरांना सांगून औषधाचा प्रकार बदलता येतो.

इथे एक धोक्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ‘या कॅप्सूलने झोप येते’ म्हणून काही बायका तेवढीच बंद करतात आणि इस्ट्रोजेन चालू ठेवतात. असं कधीही करू नये. पिशवी असताना एकटं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची वाढ होत राहते आणि तिथल्या कर्करोगाचा धोका वाढतो. 1975 सालीच हे अमेरिकेतल्या अभ्यासांतून पुढे आलं होतं, त्यानंतरच प्रोजेस्टेरॉनची जोड देण्याची पद्धत रूढ झाली. बदल करायचा तर दोन्ही औषधांचा एकत्र विचार करून, डॉक्टरांकडूनच.

दुसरी जागा थायरॉइडची. माझ्या मते ही सगळ्यांत जास्त नजरेआड होणारी गोष्ट आहे. थायरॉइड कमी असल्यामुळे थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्या बायका आता घाटावर काय, घाटाखाली काय, प्रत्येक ओळखीच्या कुटुंबात सापडतात. अशा बाईने इस्ट्रोजेनची तोंडाने घ्यायची गोळी सुरू केली, की ती गोळी यकृतातून जाते आणि यकृत थायरॉइडचं हॉर्मोन धरून ठेवणारं एक प्रथिन जास्त बनवू लागतं. रक्तातलं मोकळं, कामाचं हॉर्मोन त्यामुळे कमी होतं. निरोगी ग्रंथी ती तूट आपोआप भरून काढते. बाहेरून ठरावीक मात्रा घेणाऱ्या बाईला ते शक्य नसतं. अमेरिकेतले डॉ. बहा अराफा यांनी 2001 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये नेमकं हेच मांडलं, की अशा बायकांपैकी काहींची थायरॉक्सिनची मात्रा वाढवावी लागते. म्हणजे वाफांवरचं औषध सुरू झालं आणि थकवा, बद्धकोष्ठ, वजनवाढ, अंगाला जडपणा हे सगळं वाढलं, तर औषध मानवत नाही असं लगेच ठरवायचं नाही. इस्ट्रोजेनची गोळी सुरू केल्यावर सुमारे तीन महिन्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायची. कातडीवर लावायचं जेल किंवा पट्टी यकृताला वळसा घालून थेट रक्तात जाते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

याला जोडूनच घरोघरी होणारी एक चूक. रजोनिवृत्तीत हाडांसाठी कॅल्शियमची गोळी दिली जाते आणि ती थायरॉक्सिनबरोबरच घेतली जाते. कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही थायरॉक्सिनला पोटात अडकवून ठेवतात. थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायचं. चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्यानंतर किमान चार तासांनी आणि त्यासुद्धा एकमेकींपासून दूर, एक दुपारी तर एक रात्री. एवढा बदल करायला पैसा लागत नाही.

आता रक्ताकडे येऊ. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याच्या आधीच्या पाहणीत हे प्रमाण 48 टक्के होतं, म्हणजे ते वाढलं आहे. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत अनेकींना महिन्यात दोनदा पाळी येते, दहा-दहा दिवस अंगावरून जातं, आणि ‘जाताना असंच होतं’ म्हणून त्या ते सोसतात. शरीरातला लोहाचा साठा तिथेच संपतो. मग हॉर्मोन सुरू केलं तरी रिकाम्या साठ्यावर ते काय करणार? हिमोग्लोबिन जेमतेम ठीक दिसत असतानाही साठा संपलेला असू शकतो. तो कळण्यासाठी फेरिटिनची तपासणी करावी लागते. हॉर्मोन सुरू केल्यावर पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून थोडं रक्त दिसू शकतं. सहा महिन्यांनंतरही ते थांबलं नाही, किंवा एकदा थांबून पुन्हा सुरू झालं, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराची तपासणी करून घ्यायची. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर आणि कुठलंही हॉर्मोन चालू नसताना दिसलेला रक्ताचा एक डागही डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

जेवणावर लगेच चहा घ्यायची आपली रीत लोहाच्या मुळावर येते, तो तासाभराने घ्यावा. वरणावर पिळलेलं लिंबू मात्र लोह शोषायला मदत करतं.

शेगावच्या या जिल्ह्यात माळकरी, पूर्ण शाकाहारी घरं पुष्कळ. बी-12 हे जीवनसत्त्व दूध-दही सोडलं तर शाकाहारात जवळपास नसतंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 2006 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्के जणांत बी-12 कमी आढळलं होतं. घरातलं दूध आधी मुलांना आणि पुरुषांना देऊन उरलं तर स्वतः घेणाऱ्या बाईची स्थिती याहून बरी असेल असं मला वाटत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ही कमतरता आणखी वाढते. थकव्याबरोबर तळपायांना मुंग्या, जिभेची आग, विसरभोळेपणा असेल तर इकडे लक्ष द्यावं.

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, संग्रामपूर आणि जळगाव जामोदच्या गावांत, आणखी एक शक्यता मनात ठेवावी लागते. तिथल्या विहिरींचं खारं पाणी आणि मूत्रपिंडाचे विकार हा अनेक वर्षांचा दुखरा विषय आहे. मूत्रपिंड हळूहळू निकामी होऊ लागतं तेव्हा दुखत-खुपत नाही. थकवा, भूक मंदावणं, चेहऱ्यावर सूज अशी मोघम लक्षणं असतात. थकवा येतो, कारण रक्त तयार करायचा संदेश देणारं एक हॉर्मोन मूत्रपिंडातूनच येतं आणि तेच कमी पडू लागतं. या भागातल्या बाईने हॉर्मोन सुरू करण्याआधी रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन तपासलेलं असावं. रक्तदाब चढलेला असेल तर आधी तो काबूत आणायचा, मग हॉर्मोनचा विचार.

पिशवी काढलेल्या बायकांविषयी थोडं थांबून बोललं पाहिजे. 2019 साली शेजारच्या मराठवाड्यात बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सुमारे 82 हजार बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. ही गोष्ट एका जिल्ह्यापुरती नाही हे आपल्या गावातल्या कुठल्याही आशाताई सांगतील. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील, तर चार-पाच वर्षांत उतरायचं इस्ट्रोजेन दोन दिवसांत उतरतं. चाळिशीच्या आत हे झालं तर थकवा, सांधेदुखी, झोप उडणं, मन खचणं या सगळ्याचा मारा एकदम होतो, आणि पुढे हाडांचा आणि हृदयाचा धोका वाढतो तो वेगळाच. अशा बाईला दुसरी काही अडचण नसेल तर निसर्गतः पाळी जाण्याच्या वयापर्यंत तरी हॉर्मोन द्यावं, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. पिशवीच नसल्यामुळे तिला बहुधा एकट्या इस्ट्रोजेनवर भागतं. पण ऑपरेशनचा कागदच हरवलेला, अंडाशयं ठेवली की काढली हे बाईला ठाऊक नाही, अशी स्थिती असते. तो डिस्चार्जचा कागद शोधा. नसेल तर सोनोग्राफी आणि एफएसएचची रक्ततपासणी करून अंदाज घेता येतो.

हॉर्मोनविषयीची भीती अजून गेलेली नाही, आणि तिचं मूळ 2002 च्या जुलैमध्ये आहे. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या चाचणीतला 16,608 बायकांचा इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनचा भाग तेव्हा मध्येच थांबवला गेला. दर 10 हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे 8 जास्त रुग्ण दिसले, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्याही वाढल्या. मात्र त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटली होती. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर निरोगी बाईसाठी फायद्याचं पारडं जड असतं, असं त्यानंतरच्या विश्लेषणांतून दिसलं. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवरचे काळ्या चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याची घोषणा केली. म्हणून हे औषध दुकानातून आपल्या मनाने आणावं असं नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, हृदयविकार, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर ते सहसा देत नाहीत. आणि फक्त थकवा घालवण्यासाठी म्हणूनही ते द्यायचं औषध नव्हे.

तपासण्या झाल्या, औषधाच्या वेळा नीट बसल्या, तरी जे उरतं ते रोजच्या दिवसात असतं. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या सहा वर्षांवरच्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात असं आढळलं. असं काम करणारे पुरुष 88 मिनिटं. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्याकडची बाई पहाटे स्वयंपाक उरकते, दिवसभर वाकून वेचते, संध्याकाळी पुन्हा चुलीपुढे. हिला ‘रोज चालायला जा’ असा सल्ला देणं मला क्रूर वाटतं. तिला दुपारी अर्धा तास पाठ टेकायला मिळणं आणि संध्याकाळच्या भाकरी दुसऱ्या कोणीतरी थापणं, हाच तिच्यासाठी उपचार आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईचा थकवा वेगळा. तिचे स्नायू न वापरल्याने झिजत असतात आणि इस्ट्रोजेन गेल्यावर ही झीज वाढते. तिने आठवड्यात दीडशे मिनिटं भरभर चालावं आणि दोन दिवस जोर लागेल असा व्यायाम करावा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहा-बारा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकवून जोर काढणं, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलणं, एवढंही सुरुवातीला पुरेसं आहे.

स्नायूंना प्रथिनं लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या बाईला रोज 41-42 ग्रॅम. ज्वारीच्या चार भाकरींतून वीसेक ग्रॅम येतात. उरलेले वरण, भिजवलेली मटकी, शेंगदाणे, दही, चालत असेल तर अंडं यांतून भरायचे. तूर पिकवणाऱ्या जिल्ह्यात बाईच्या ताटात वरणाचं नुसतं पाणी उरावं हे बरं नाही.

झोपेचं एक वेगळं दुखणं असतं. महिनोन्महिने झोपमोड झाली की वाफा थांबल्यावरही मेंदूला मध्यरात्री जागं व्हायची सवय लागून राहते. उठायची वेळ रोज एकच ठेवावी, रात्री कितीही वेळा जाग आली तरी. दुपारी चारनंतर चहा नको. जाग येऊन झोप लागत नसेल तर कूस बदलत पडून राहण्यापेक्षा उठून बसावं, डोळे जड झाल्यावरच परत आडवं व्हावं. घोरणं वाढलं असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे म्हणत असतील, तर ते डॉक्टरांना सांगावं, कारण रजोनिवृत्तीनंतर बायकांतही झोपेतला श्वासरोध वाढतो. आणि काहीच करावंसं वाटत नाही, रडू येतं, जगणं नकोसं होतं, असं दोन आठवड्यांहून अधिक काळ चाललं तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला औषध आहे, समुपदेशन आहे.

पण हे सगळं कळायला आधी बाईला विचारावं लागतं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांच्या 650 बायकांची तपासणी करून 1989 साली लॅन्सेटमध्ये निष्कर्ष मांडले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगविषयक विकार होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. विदर्भातल्याच बायकांनी, विचारल्यावर, सगळं सांगितलं होतं. तोवर कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना, दवाखाना खासगी असो वा सरकारी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, प्रत्येक गोळी कोणत्या वेळी घेता ते सांगा. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच, साखर, बी-12, क्रिएटिनिन यांतलं काय तपासायचं ते विचारा. सरकारी दवाखान्यात यांतल्या बऱ्याच तपासण्या मोफत होतात. छातीत दुखणं, धाप लागणं, एकाच पायाला सूज येणं, बोलताना जीभ अडखळणं यांतलं काही झालं तर वाट न पाहता त्याच घटकेला रुग्णालय गाठा. आणि जे घरातले पुरुष हे वाचत असतील, त्यांनी बाईबरोबर दवाखान्यात जावं, आणि ‘तिचं वय झालं’ हे वाक्य तिथे स्वतः बोलू नये, डॉक्टरांनाही बोलू देऊ नये.